छुटकारो

॥ याहा मोगी माता प्रसन्न ॥

प्लिमथ, मॅसॅच्युसेट्स
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सोनमचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं दिवाळीनंतरचं पत्र नवनीतभाईंनी म्हसावदच्या दुकानातून फोटो काढून पाठवलं. दोन वेलांट्या चुकल्यात. चौतीस वर्षं आश्रमशाळेत मराठी शिकवलेल्या माणसाचं पत्र मला लाल शाईच्या खुणा करून परत पाठवावं लागणार, असं दिसतंय. फोनवर मी रडते आणि तुम्ही गप्प बसता, म्हणून पत्रंच बरी, हे तुमचंच म्हणणं. तेव्हा सविस्तर लिहा. आईच्या गुडघ्याचं काय? आमशा पिकअप जपून चालवतो ना? तोरणमाळच्या घाटात तो वळणावर हॉर्न देत नाही, हे त्याच्या बहिणीला इथं बसूनही ठाऊक आहे.

इथं अठ्ठावीस तारखेला थँक्सगिव्हिंग आहे. आभार मानण्याचा दिवस, सगळ्या देशाला सुट्टी. आमच्या वृद्धाश्रमात मोठं जेवण असतं. मेट्रनबाईंनी सांगितलं की प्रत्येक नर्सनं आपल्याकडच्या अशा एखाद्या सणाबद्दल पाच मिनिटं बोलावं. मी लगेच आपल्या छुटकारोचं नाव दिलं. खळ्यावर आलेली नवी ज्वारी, बकरा, ढोल, आणि ओढ्याकाठच्या ढिगावर सगळ्यांनी एकेक दगड फेकून मागं न बघता घरी पळत येणं. मेट्रनबाई खूश झाल्या.

पण इथं रूथ नावाच्या एक आजी आहेत. वाम्पानोआग जमातीच्या, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपैकी. मी ताट न्यायला गेले तर म्हणाल्या की त्या दिवशी त्या जेवत नाहीत. त्यांच्या घरचे लोक समुद्राजवळच्या टेकडीवर जमून शोक पाळतात, १९७० पासून. मी कारण विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकात वाचून खरं करून घेतलं.

१६२१ साली बोटीनं आलेले गोरे आणि वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले, एवढंच शाळेत शिकवतात. सोळा वर्षांनी शेजारच्या पेक्वॉट लोकांचं गाव गोऱ्यांनी पहाटे पेटवलं. बायकापोरांसकट शेकडो माणसं जाळली, बाहेर पळाली ती तलवारीनं तोडली, आणि ती लढाई संपल्यावर देवाचे आभार मानायचा दिवस जाहीर केला. पुढं वाम्पानोआगांच्या सरदाराचं मुंडकं याच गावात आणलं, तेही आभाराच्या प्रार्थनेच्या दिवशी. वीस वर्षांहून जास्त ते खांबावर टांगलेलं होतं. मी रोज बसची वाट बघते तिथून ते फार लांब नसावं. १८६३ मध्ये, इथल्या भावाभावांच्या युद्धात, अध्यक्षांनी तो सगळ्या देशाचा सण केला. आता टर्की, फुटबॉल आणि दुसऱ्या दिवशी दुकानांत सवलती.

म्हणून एक विचारते, बाबा. आपला छुटकारो कशापासूनची सुटका? कधी सुरू झाला? आसपासच्या कुठल्याच पाड्यावर तो नाही, फक्त आपल्या चांदकुंडीत. लहानपणी विचारलं की तुम्ही शेळ्या बघायला निघून जायचात. अठ्ठावीसच्या आधी कळवा.

आईला नमस्कार, आमशाला रागावणं. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सोनम

---

चांदकुंडी, ता. धडगाव
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सोनम हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. वेलांट्या माझ्या चुकल्या नाहीत, फोटोत कागदाला घडी पडली होती. तुझ्या पत्रात मात्र तीन ठिकाणी अनुस्वार गळला आहे.

आईचा गुडघा तसाच आहे आणि ती तशीच डोंगर चढते. आमशाच्या बायकोचे दुसरे बाळंतपणही वाया गेले. सातवा महिना होता. आमशा तेव्हापासून घरात बोलत नाही, उदेसिंगच्या ओट्यावर बसून असतो. उदेसिंगचा नातू पावसाळ्यात तापाने गेला. त्यांनी हद्दीपलीकडच्या बडव्या भगताकडे जाऊन दाणे टाकून पाहिले आणि आल्यापासून ओढ्याकाठच्या रूपलीबाईकडे डाकीण म्हणून बोट दाखवणे सुरू आहे. रूपलीबाई एकटी विधवा, आणि ओढ्याला लागून असलेले तिचे शेत उदेसिंगच्या शेताला चिकटून आहे. मी उदेसिंगला समजावले. तो म्हणाला, गुरुजी, तुम्ही शाळेतले शाळेत ठेवा.

आता तुझा प्रश्न. मी चार दिवस कागद समोर घेऊन बसलो. सण माझ्यामुळे सुरू झाला, असे लिहिले आणि खोडले. शेवटी तेच लिहितो, कारण तेच खरे आहे.

साल १९६८. मी सात वर्षांचा होतो. पाड्यावर ओकारी-हगवणीने नऊ पोरे दगावली. मी दहावा ठरणार होतो. बडव्याने दाणे टाकले आणि ओढ्याकाठच्या घराचे नाव घेतले. तिथे गुलाबबाई राहायची. ती सुईण होती, निम्मा पाडा तिच्या हातावर जन्मला होता. मीसुद्धा.

सकाळची वेळ होती. मला ऊन लागावे म्हणून आईने आमच्या ओढ्यासमोरच्या दारात गोधडीवर टाकले होते, त्यामुळे मी सगळे पाहिले. पंधरा-वीस माणसे गेली. त्यांनी तिला केसांना धरून बाहेर ओढले. डोळ्यांत मिरची भरली, म्हणजे तिची नजर कुणावर पडू नये. काठ्यांनी गुडघे फोडले. ती पळू शकत नव्हती, तरी दोर बांधला. ओढ्यापर्यंत फरफटत नेले तेव्हा तिची पाठ सोलून निघाली होती आणि तिच्यामागे मातीत लांब ओला पट्टा उठला होता. तिला दिसत नव्हते, पण आवाजावरून तिने माझ्या बापाला ओळखले. म्हणाली, रायसिंग, तुझ्या पोराची नाळ मी कापली आहे. माझ्या बापाने पहिला दगड उचलला. तो तिच्या तोंडावर बसला. त्यानंतर तिचे शब्द कळले नाहीत. जेवणवेळेपर्यंत दगड पडत होते. ती मेल्यावरही पडत होते.

तिसऱ्या दिवशी मी उठून बसलो आणि पेज मागितली. बापाने आनंदाने बकरा कापला, ढोल वाजवला, सगळ्या पाड्याला जेवू घातले, आणि त्या ढिगावर प्रत्येकाने आणखी एक दगड टाकला. हा पहिला छुटकारो.

पुढे आश्रमशाळेत गेल्यावर मला कळले की त्याच आठवड्यात धडगावहून एक सरकारी कंपाउंडर पायी आला होता आणि त्याने आमच्या झऱ्यात पांढरी पूड टाकली होती. त्या पाण्याने पोरे मेली आणि ते पाणी साफ झाल्यावर मी वाचलो. त्या कंपाउंडरचे नाव आज कुणालाही आठवत नाही.

माझ्या वयाच्या लोकांना ठाऊक होते कुणावर दगड टाकतो. आमच्या पुढच्यांना सांगितले गेले की तिथे रोगराई गाडली आहे. तुम्हा पोरांना ती शर्यत वाटायची, कुणाचा दगड वर जाऊन टिकतो याची. तू सहा वर्षांची असताना तुझा टिकला होता आणि मी तुला खांद्यावर घेऊन घरी आलो होतो.

रूपलीबाई ही गुलाबबाईची मुलगी. तेव्हा तीन वर्षांची होती. मामाने उचलून नेली म्हणून वाचली. विधवा झाल्यावर आईच्या शेतात परत आली.

मेट्रनबाईंना काय सांगायचे ते तू ठरव. आईचे आशीर्वाद. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा,
बाबा

---

प्लिमथ
२९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल मी बोलले नाही. तब्येत बरी नाही सांगितलं आणि रूथआजींच्या खोलीत जाऊन बसले. तुमचं पत्र त्यांना इंग्रजीत वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं की त्या बाईच्या मुलीला हे कुणी सांगितलं आहे का.

मी रागावले आहे. तुम्ही सात वर्षांचे होतात, तुमचा त्यात दोष नाही. पण तुम्ही चाळीस वर्षांचे होतात तेव्हा माझ्या हातात दगड दिलात. तो कुठल्या आकाराचा होता तेसुद्धा मला आठवतंय. त्यावर पांढरी रेघ होती. ती बाई खाली होती आणि मी टाळ्या पिटत होते. सुईण होती म्हणता. मी रोज तेच तर काम करते, माणसांना उठवणं, पुसणं, धरणं. मला आजपासून हात धुताना तेच आठवणार.

यंदाचा छुटकारो दहा तारखेला मंगळवारी आहे ना? त्याआधी तुम्ही सगळ्यांसमोर हे सांगा. तुमच्याशिवाय हे कुणी सांगणार नाही. आणि रूपलीबाईला तोवर तिच्या मामाच्या गावी पोचवा. पोलिसांत अर्ज द्या, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तुम्हीच शाळेत शिकवायचात. आमशाला उदेसिंगच्या ओट्यावरून उठवा. त्याला म्हणावं, वाया गेलेल्या बाळंतपणाला दवाखान्यात कारण सापडतं, मी पैसे आणि नाव दोन्ही पाठवते.

आईला यातलं किती ठाऊक आहे?

राग आहे म्हणून माया कमी समजू नका.

सोनम

---

जिल्हा रुग्णालय, नंदुरबार
१३ डिसेंबर २०२४

चि. सोनमला दिवलीबाईचे आशीर्वाद.

हे पत्र जाकीर लिहितो आहे. शेजारच्या खाटेवर त्याचा बाप आहे. जाकीर आपल्या बाजारांत बांगड्या विकायला येतो म्हणून त्याला आपली पावरी बोली समजते. मी सांगते तसं तो मराठीत लिहितो. काही गाळू नकोस असं मी त्याला बजावलं आहे.

तुझा बाप जिवंत आहे. डावा डोळा गेला. कवटीला चीर आहे, डॉक्टर म्हणतो भरेल. तीन बरगड्या मोडल्या आहेत. काल मला नावानं हाक मारली.

तू त्याला बोलायला लावलंस, ते मला ठाऊक आहे. त्याने पत्र वाचून दाखवलं होतं. मी नको म्हणाले होते. तो पोलिसांत अर्ज देऊन आला. ते म्हणाले, मंगळवारी माणूस पाठवतो. रूपलीबाईला तो न्यायला गेला तर ती म्हणाली, ज्वारी खळ्यावर आहे, मी कुठं जाऊ.

मंगळवारी दुपारी बकरा कापण्याच्या आधी तुझा बाप ढिगावर चढला. शाळेत बोलायचा तसा हळू बोलला. गुलाबबाईचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, त्या पांढऱ्या पुडीचं सांगितलं. शेवटी म्हणाला, मी जगलो त्याचे उपकार एका अनोळखी कंपाउंडरचे आहेत, आणि तुम्ही दगड माझी नाळ कापणाऱ्या बाईवर टाकता. म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या. काही जणांनी हातातले दगड खाली ठेवले. मला वाटलं झालं, निभावलं.

तेवढ्यात उदेसिंग उठला. म्हणाला, म्हणजे गुरुजींच्या तोंडूनच कळलं की आई डाकीण होती, मग मुलगी कोण? त्याचे दोघे मुलगे ओढ्याकडे पळाले आणि रूपलीबाईला खळ्यावरून ओढत घेऊन आले. तिच्या मुठीत कणसं तशीच होती. पहिला घाव आमशाने घातला, सोनम. आपल्या आमशाने. कुऱ्हाडीच्या दांड्याने. तिचा उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला, हाड बाहेर आलं. तो ओरडत होता की माझी दोन्ही पोरं दे. दुसरा घाव तिच्या डोक्यावर होता. तुझा बाप मध्ये पडला. दांडा त्याच्या डोळ्यावर बसला. आमशाला दिसलं तो कोणाला लागला ते. तो दांडा टाकून तिथंच खाली बसला, पण उदेसिंग आणि त्याच्या मुलांचे हात थांबले नाहीत. तुझा बाप तिच्या अंगावर पालथा पडून होता आणि ते त्याच्या पाठीवर दगड घालत होते. पाड्यावरची शंभर माणसं उभी होती.

मी ज्वारी कापायचा विळा उचलला. उदेसिंगने मोठा धोंडा दोन्ही हातांनी वर धरला होता. मी त्याच्या मनगटावर विळा ओढला. धोंडा त्याच्याच पायावर पडला, रक्ताची धार माझ्या तोंडावर आली. मग मी म्हणाले, आता कोण येतो. कुणी आलं नाही. पोलीस तासाभराने आले.

हे मी पोलिसांना सांगितलं आहे. मला भीती नाही. उदेसिंगचं नाव, त्याच्या मुलांची नावं, सगळं सांगितलं. आमशाचं सांगितलं नाही. रूपलीबाई म्हणते, डोळ्यांपुढे अंधार होता, पहिला कोणी मारला ते दिसलं नाही. तुझा बाप नीट बोलायला लागला की त्याचा जबाब घेणार आहेत. तो आमशाचं नाव घेईल. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते. तू लिही त्याला. तुझं ऐकून तो ढिगावर चढला, तुझंच ऐकून गप्प राहील. माझा एकच मुलगा आहे. त्याच्या बायकोचे डोळे बघवत नाहीत.

तुला माझी शपथ घालत नाही. फक्त लिही.

तुझी आई,
दिवलीबाई (अंगठा)

ता. क. ताई, मावशीनी जसं सांगं तसंच लिखं शे. — जाकीर

---

प्लिमथ
१८ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र जाकीरभाईंच्या फोनवर पाठवते, ते वाचून दाखवतील. सुट्टी मिळत नाही, मिळाली की पहिल्या विमानानं निघते.

मी तुम्हाला खरं बोलायला लावलं. आता तेच मी मागं घ्यायला सांगते आहे, हे मला कळतं. आमशाचं नाव घेऊ नका. त्यानं तुम्हाला मारायचं म्हणून मारलं नाही. त्याची दोन मुलं गेली, त्याच्या डोक्यात ते विष उदेसिंगनं भरलं. मी त्याला पाठीशी बांधून शेळ्या चारल्या आहेत. तुम्ही म्हणालात की आठवत नाही, तर तुमच्या डोक्याला लागलेलं पाहून कुणी शंका घेणार नाही. एवढं एकदा करा.

मी खोटं सांगत नाही, मला लाज वाटते आहे हे लिहिताना. तरी लिहिते.

तुमची,
सोनम

---

चांदकुंडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. सोनम हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर तिरके दिसेल. एका डोळ्याने ओळ कुठे संपते ते नीट कळत नाही.

तुझे पत्र जाकीरने वाचले तेव्हा माझा जबाब होऊन दोन तास झाले होते. आधी आले असते तरी मी तेच केले असते, म्हणून तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आमशाचे नाव पहिले सांगितले आणि उदेसिंगचे नंतर. लिहून घेणाऱ्या हवालदाराने दोनदा विचारले की मुलगा म्हणजे सख्खा मुलगा का. मी हो म्हणालो. तुझी आई खाटेच्या पायथ्याशी होती. ती उठून बाहेर गेली आणि त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणे सोडले. भाकरी करते, डोळ्यात औषध घालते, पाठीला शेकते. बोलत नाही.

मी असे का केले ते तुला सांगितले पाहिजे. माझ्या बापाचे नाव छप्पन्न वर्षे मी घेतले नाही. तो चांगला बाप होता. मला आश्रमशाळेत घालायला तो दोन दिवस चालत गेला. त्याने दगड मारला तो माझ्यासाठी, मग मी त्याचे नाव कसे घेऊ, असे मी स्वतःला सांगत राहिलो आणि तेवढ्यात तुझ्या हातात दगड गेला, आमशाच्या हातात दांडा आला. आमशानेही पोरांसाठीच मारले. मी गप्प बसलो असतो तर त्याच्या पोरांना, होतील तेव्हा, त्याच्याविषयी काही कळले नसते.

जानेवारीत रूपलीबाई घरी आली होती. हातात सळई घातली आहे, बोटे अजून वळत नाहीत. ती पाड्यावरच राहते, शेत सोडले नाही. तालुक्याहून आलेल्या बायकांनी पाड्यावर सभा घेतली, तेव्हा अर्धी माणसे आली आणि अर्धी आली नाहीत. आमच्या ओट्यावर बसून रूपलीबाई म्हणाली की माझ्या बापाने तिच्या आईला मारले हे मी सांगितले, ते तिला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होते, मामाने सांगितले होते. तिला दुसरे विचारायचे होते. तिने विचारले, आई त्या दिवशी माझ्याविषयी काही बोलली होती का.

सोनम, हे मी तुला लिहिलेल्या पत्रातही लिहिले नव्हते. बोलली होती. तिला दाराबाहेर ओढले तेव्हा केस त्यांच्या मुठीत असताना ती मागे वळून म्हणाली, पोरीला ऊन लागते, कुणीतरी तिला आत घ्या. एवढेच. मी रूपलीबाईला ते सांगितले. उठताना ती म्हणाली की गुरुजी, हे तुम्ही फार उशिरा दिले. मी हो म्हणालो.

परवा आमशाला भेटायला तुरुंगात गेलो. तुझी आई बरोबर होती, पण तिने वेगळी भेट मागितली आणि आधी आत जाऊन आली. मग मी गेलो. मध्ये जाळी असते. तो वाळला आहे, दाढी वाढली आहे. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, कुठला गेला. मी म्हणालो, डावा. मग तो माझ्या उजवीकडे सरकला, मला नीट दिसावा म्हणून. उदेसिंगच्या वकिलाने त्याला निरोप पाठवला आहे की गुरुजी ढिगावरून पाय घसरून पडले असे सगळ्यांनी एकसारखे सांगायचे, म्हणजे सगळेच सुटतील. त्याने मला विचारले की काय करू. पंचवीस वर्षांत त्याने मला काही विचारले नव्हते.

मी सांगितले की मी तुझ्या वतीने बोलून बसलो आहे, आता तुझे तू बोल. शिपाई वेळ संपली म्हणाला तेव्हा आमशाने जाळीला बोटे लावली आणि म्हणाला की तिच्या हातावरचा घाव माझा, तुमच्या डोळ्यावरचाही माझाच, कोर्टात तसेच सांगेन, फक्त त्या दिवशी तुम्ही समोर बसू नका. मी म्हणालो, बसेन. तो रडला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडे ठेवून. मला हात आत घालता येत नव्हता.

उदेसिंगच्या माणसांनी आमचे खळे जाळले. ज्वारी आधीच घरात आणली होती, फक्त कडबा गेला. बातमी म्हणून कळवतो, काळजी म्हणून नव्हे. आमशाच्या बायकोला तू सांगितलेल्या डॉक्टरीणबाईंकडे दाखवले. रक्तगटाचा काही विषय आहे म्हणाल्या, सुई देता येते. हे आमशाला मी अजून सांगितलेले नाही. तुझी आई म्हणेल तेव्हा सांगू.

परतीच्या बसला गर्दी होती. माझ्या डाव्या बाजूने माणसे येत होती ती मला दिसत नव्हती, दोनदा धक्का लागून मी पडता पडता राहिलो. तुझी आई पुढच्या बाकावर खिडकीशी बसली होती, चांगली जागा होती तिची. शहाद्याच्या स्टँडवर ती उठली, मागे आली आणि काही न बोलता माझ्या डाव्या बाजूला बसली. चांदकुंडीच्या फाट्यापर्यंत तिथेच बसून होती.

तू ये. तुझ्यावर कुणाचा राग नाही, माझा तर कधीच नव्हता. आमच्या दोघांना तुझी सावली हवी आहे, ती असू दे.

तुझा,
बाबा